माया मुखवटे लुप्त लोकांचे नव्हेत

मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या रंगीत लाकडी मुखवट्यांच्या छायाचित्रांसह एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे: ‘हजार वर्षांपूर्वी लुप्त झालेल्या माया लोकांचे पुजारी नरबळी देताना हे मुखवटे घालत, युरोपचा वाराही न लागलेली ही कला आता केवळ पर्यटकांसाठी उरली आहे.’ यातले एकही विधान तपासणीला उतरत नाही.

नवव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडील माया नगरे ओस पडली हे खरे, पण माणसे संपली नाहीत. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत ६२ लाखांहून अधिक लोकांनी स्वतःची नोंद माया म्हणून केली आहे.

नरबळीचे म्हणाल, तर मेक्सिकोतल्या पालेंके या प्राचीन माया नगरात १९५२ मध्ये सापडलेला पाकाल राजाचा जेड या हिरव्या दगडाचा मुखवटा मृताच्या चेहऱ्यासाठी होता. नाचाचे लाकडी मुखवटे निराळे. ग्वाटेमालातल्या राबिनाल गावी जानेवारीच्या उत्सवात सादर होणाऱ्या ‘राबिनाल आची’ या नृत्यनाट्यात किचे या माया समाजातल्या बंदिवान योद्ध्याचा वध होतो खरा, पण तो अभिनयातून. मरणापूर्वी आपल्या डोंगरदऱ्यांचा निरोप घेण्यासाठी तो २६० दिवसांची मुदत मागतो, आणि माया विधी-पंचांगाचे चक्रही नेमके २६० दिवसांचेच आहे. इतक्या गंभीर नाट्याला रक्तपाताची हौस म्हणणे हा मला त्या लोकांवरचा अन्याय वाटतो.

युरोपचा वारा लागला नाही, हे तर सर्वांत चुकीचे. स्पेनहून आलेल्या मूर (मुस्लिम) आणि ख्रिस्ती यांच्या लढाईच्या नाचातूनच ‘विजयाचा नाच’ घडला, आणि त्यात स्पॅनिशांनी किचेंना हरवले ती १५२४ ची लढाई उभी राहते: एका बाजूला किचे सेनानी तेकून उमान, दुसऱ्या बाजूला गोरा चेहरा, सोनेरी कुरळे केस आणि दाढी कोरलेला स्पॅनिश सेनापती पेद्रो दे अल्वारादोचा मुखवटा. किचे पक्षाचा भविष्यवेत्ता अहित्झ लालभडक मुखवट्यात येतो. ज्यांचा पराभव झाला त्यांचेच वंशज जेत्याचेही सोंग घेऊन नाचतात, आणि त्यांनी आपला पराभव इतकी शतके स्वतःच्या अंगणात जपला आहे.

राहिला पर्यटकांचा मुद्दा. बाजारात विक्रीसाठी कोरलेले मुखवटे असतातच. मात्र गावच्या ख्रिस्ती संताच्या उत्सवातले नर्तक आपले मुखवटे आणि पोशाख बहुधा ‘मोरेरिया’ नावाच्या कार्यशाळेतून भाड्याने आणतात. तिथे एकच मुखवटा वर्षानुवर्षे पुन्हा रंगवला जातो, त्यामुळे जुन्या मुखवट्यावर रंगाचे थरावर थर चढलेले दिसतात. नाचापूर्वी अनेक गावांत मुखवट्यांपुढे मेणबत्त्या आणि कोपाल या झाडाच्या डिंकाचा धूप लावतात, आणि त्या वेळी तिथे गिऱ्हाईक कोणीच नसते.