जर्मन राजकन्या मुकी प्यादी नव्हत्या

"जर्मन राजघराण्यांतल्या मुली म्हणजे बापाच्या पटावरची प्यादी. स्थळ तो ठरवणार, मुलगी मान खाली घालून जाणार, माहेर तुटणार आणि नवरा गेला की तिला कुणी विचारणार नाही." हा मजकूर गेले काही दिवस सगळीकडे फिरतोय. लग्नं राजकारणासाठी होत, हे खरंच आहे. पण पुढची तिन्ही विधानं वाचून मला मनापासून वाईट वाटलं, कारण या बायकांनी जे प्रत्यक्ष केलं तेच त्यात पुसलं गेलंय.

पहिलं, मान खाली घालून जाण्याचं. आन्सबाख या छोट्या जर्मन संस्थानाच्या प्रॉटेस्टंट राजकन्या कॅरोलिनला आईवडील नव्हते. 1704 मध्ये, एकविसाव्या वर्षी, तिला स्थळ आलं ते ऑस्ट्रियाच्या कार्लचं, पुढे पवित्र रोमन (म्हणजे जर्मन) साम्राज्याचा सम्राट झाला त्याचं. अट एकच होती, कॅथलिक व्हायचं. तिचं मन वळवायला ओर्बान नावाचा जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचा, पाद्री आला. हानोवर या जर्मन राज्याच्या राजघराण्यातल्या ज्येष्ठ झोफीने तेव्हा पत्रात लिहिलंय की टेबलावर बायबल उघडं असतं, दोघांचा जोरदार वाद होतो, ज्याचा अभ्यास जास्त तो जिंकतो आणि नंतर ही मुलगी रडते. डोक्यावर आईबापांचं छत्र नाही, समोर मुरलेला पंडित, आणि तरी शेवटी तिने नकारच दिला. पुढच्याच वर्षी तिने हानोवरच्या गेओर्ग आउगुस्टशी, म्हणजे पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या दुसऱ्या जॉर्जशी, लग्न केलं, ती इंग्लंडची राणी झाली, आणि राजा हानोवरला गेला की राज्याचा कारभार तिच्याकडे असे. असं चार वेळा झालं.

माहेर तुटण्याचं म्हणाल तर लीझेलॉटेचं उदाहरण बघा. पॅलॅटिनेट या जर्मन राज्याची ही मुलगी 1671 मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या भावाला दिली. विवाहकरारात तिने माहेरच्या राज्यावरचा हक्क सोडला होता. तरी 1685 मध्ये तिचा भाऊ निपुत्रिक वारला तेव्हा लुईने तिच्याच नावाने दावा ठोकला आणि त्या युद्धात तिच्या माहेरचं हायडेलबर्ग जाळलं. आपलं नाव पुढे करून आपलंच माहेर बेचिराख होतंय, आणि आपण व्हर्सायला! झोप लागत नाही, डोळ्यांसमोर ती उद्ध्वस्त शहरं येतात, असं तिने 1689 मध्ये आपल्या आत्याला, म्हणजे वर आलेल्या त्याच झोफीला कळवलं. युद्ध तिला थांबवता आलं नाही. पण माहेरशी तिचा पत्रव्यवहार मरेपर्यंत चालू राहिला आणि तिची हजारो पत्रं आज शिल्लक आहेत.

विधवेबद्दलचं विधान तर साफ खोटं आहे. 1637 मध्ये, तीस वर्षांचं युद्ध चालू असताना, हेसेन-कासेल या जर्मन संस्थानाचा राजा विल्हेल्म पाचवा परमुलखात वारला. मुलगा आठ वर्षांचा, मुलूख शत्रूच्या ताब्यात. त्याची विधवा आमालिए एलिझाबेथ हिने फौज मोडू दिली नाही. सम्राटाशी बोलणी चालू ठेवून वेळ काढला, आणि 1639 मध्ये फ्रान्सशी करार केला. युद्ध संपवणाऱ्या 1648 च्या वेस्टफालियाच्या तहात तिने हर्सफेल्डचा मुलूख आणि सहा लाख थालर (चांदीची नाणी) पदरात पाडून घेतले. तिच्या कॅल्विनपंथालाही (हा प्रॉटेस्टंटांचा एक पंथ) त्याच तहाने साम्राज्यात कायदेशीर मान्यता दिली, आणि हीच तिची सुरुवातीपासूनची मागणी होती. 1650 मध्ये तिने कारभार मुलाच्या हाती दिला.

यावर कुणी त्सेलेच्या झोफी डोरोथेआचं नाव घेईल, आणि घ्यावंच. नवऱ्याने राजरोस बाई ठेवली, त्याला कुणी काही म्हणालं नाही. हिने क्योनिग्समार्क या सरदारावर प्रेम केलं तर 1694 मध्ये तो कायमचा गायब झाला, हिचा घटस्फोट झाला आणि आल्डनच्या वाड्यात ती मरेपर्यंत, तीस वर्षांहून जास्त काळ, कैदेत राहिली. मुलं पुन्हा भेटली नाहीत. हा अन्याय होता आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे. पण तीही मुकी नव्हती. माणसांच्या नावांऐवजी आकडे घालून तिने त्याला लिहिलेली पत्रं स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आजही वाचता येतात.