काउन्सिल टॅक्सच्या बेलिफला जाब विचारणारं कोण?

इंग्लंडमध्ये काउन्सिल टॅक्सचा (काउन्सिल म्हणजे इथली नगरपालिका, आणि तिचा हा कर म्हणजे आपली घरपट्टीच म्हणा, फक्त इथे ती भाडेकरूलाही भरावी लागते) एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं. सात दिवसांत पैसे भरले नाहीत तर हप्त्यांची सवलतच जाते आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागतात. ज्याला महिन्याचे दीडशे पौंड जमले नाहीत, त्याने हजार-बाराशे आणायचे कुठून? मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचा आदेश, त्याचा खर्चही त्याच्याच डोक्यावर, आणि शेवटी बेलिफ, म्हणजे काउन्सिलसाठी थकबाकी वसूल करणारा, वेळ पडली तर सामान जप्त करणारा खासगी कंपनीचा माणूस.

2014 च्या नियमांनी बेलिफचं शुल्क असं ठरवून दिलं: प्रकरण कंपनीकडे गेलं की 75 पौंड, माणूस दारात आला की आणखी 235. हे पैसे काउन्सिल देत नाही, थकबाकीदार देतो. फोनवर समजुतीने हप्ते बांधून दिले तर कंपनीला फक्त पहिलं शुल्क मिळतं, दार ठोठावलं तर दोन्ही. माझा राग दारात येणाऱ्या माणसापेक्षा या हिशेबावर जास्त आहे. घाईने दारात जाण्यातच कमाई असेल, तर पत्राला उत्तर द्यायला घाबरणाऱ्या, आजारी, एकट्या माणसासाठी थांबणार कोण?

क्रेडिट कार्डाची उधारी वसूल करणाऱ्या कंपनीवर फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामक संस्थेची नजर असते. या बेलिफवर मात्र कायद्याने नेमलेला नियामक नव्हताच. काउंटी कोर्ट दोन वर्षांसाठी प्रमाणपत्र देतं, आणि ते काढून घ्यायचं तर तक्रार घेऊन कोर्टाचीच पायरी चढायची. कर्जात बुडालेला माणूस ती चढेल? 2019 मध्ये संसदेच्या न्याय समितीने स्वतंत्र नियामक मागितला. 2022 मध्ये बेलिफांच्या वागण्यावर देखरेख ठेवणारं एन्फोर्समेंट कंडक्ट बोर्ड आलं, पण कंपन्यांनी त्यात स्वखुशीने यायचं. 2025 मध्ये सरकारने त्याला कायद्याचे अधिकार द्यायचा प्रस्ताव मांडला. ते अधिकार मिळालेच पाहिजेत, आणि शुल्काची ही रचनाही बदलली पाहिजे.

कर भरायलाच हवा. त्यातून कचरा उचलला जातो, म्हाताऱ्यांची देखभाल होते. पण 2013 मध्ये केंद्राची काउन्सिल टॅक्स सवलत बंद करून ती जबाबदारी कमी पैशात काउन्सिलांवर टाकली गेली. पेन्शनरांना संरक्षण राहिलं, कमावत्या वयाच्या गरिबांना बिलं येऊ लागली. बेलिफ त्यांच्याच दारात जातात. लंडनच्या हॅमरस्मिथ अँड फुलहॅम काउन्सिलने 2018 मध्ये काउन्सिल टॅक्ससाठी बेलिफ पाठवणं थांबवलं. म्हणजे ठरवलं तर जमतं.

इथे नव्याने आलेल्या आपल्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवा. काउन्सिल टॅक्ससाठी आलेला बेलिफ पहिल्या खेपेला जबरदस्तीने घरात घुसू शकत नाही. दार उघडू नका, आतूनच बोला. घरातल्या सामानाच्या यादीवर घाबरून सही करू नका, कारण ठरलेले पैसे चुकले की त्या सहीवर जबरदस्तीने आत यायची वाट मोकळी होते. फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन नेता येत नाही. बाहेर लावलेली गाडी मात्र अडकवता येते. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सेवाभावी संस्थेचा सल्ला फुकट मिळतो. सरकारच्या ब्रीदिंग स्पेस (म्हणजे कर्जदाराला थोडी उसंत देणाऱ्या) योजनेत 60 दिवस वसुली थांबते, पण त्यासाठी कर्ज-सल्लागारामार्फत अर्ज करावा लागतो, म्हणून पहिलं पत्र आलं की लगेच फोन करा.