स्नॅप बंद केल्याने भजन वाचत नाही

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा सुरू झाल्या की आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हंगाम लागतो. गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्यांना गाण्यांचे ट्रॅक हवे असतात, भजन मंडळांना स्पर्धेआधी दोन-चार भजनं रेकॉर्ड करून पाहिजे असतात. लॅपटॉप, माइक जोडायला एक साधा ऑडिओ इंटरफेस आणि रीपर किंवा ऑडॅसिटी यासारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढ्या सामानावर हे काम करणारी पोरं आता बऱ्याच गावांत आहेत. त्यांच्याच व्हॉट्सअॅपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे आणि ‘सर्वांपर्यंत पोहोचवा’ म्हटल्यामुळे तो पोहोचतोही आहे.

तो आहे स्नॅपबद्दल, म्हणजे स्क्रीनवर ओढलेला आवाजाचा तुकडा ग्रिडच्या (मात्रांच्या उभ्या रेषांच्या) रेषेला चिकटवणाऱ्या सोयीबद्दल. त्याचं सार असं. स्नॅप हा विलायती संगीतासाठी केलेला प्रकार आहे. तो चालू असला की सॉफ्टवेअर आपला ताल परस्पर सरळ करतं. आपल्या तालांना ग्रिड चालतच नाही. कट भलत्याच जागी पडत असेल तर सॉफ्टवेअर खराब झालं, काढून पुन्हा टाका. जोडावर ‘टक्’ वाजलं तर तोही स्नॅपचाच दोष. ट्रॅक मागे पडत असेल तर रॅम वाढवा. मोठ्या स्टुडिओत स्नॅप कोणी वापरत नाही, तेव्हा तुम्हीही तो कायमचा बंद करा.

लिहिणाऱ्याला त्रास झाला आहे हे उघड दिसतं. त्रास खरा आहे, निदान मात्र जवळजवळ सगळीकडे चुकलं आहे.

‘स्नॅप ताल सरळ करतो’

नाही करत. स्नॅप रेकॉर्ड झालेल्या आवाजाला हातच लावत नाही. तुम्ही माउसने आयटम (रेकॉर्ड झालेला तुकडा) ओढता, कडा कमी-जास्त करता किंवा कट मारता, तेव्हा माउस नेमका कुठे थांबेल एवढंच तो ठरवतो. तुम्ही काहीच हलवलं नाही तर स्नॅप चालू असो की बंद, ऐकू येणाऱ्या आवाजात तसूभर फरक पडत नाही. ताल ओढून रेषेवर बसवणारं हत्यार वेगळं आहे, त्याला क्वांटाइझ म्हणतात आणि ते मुद्दाम लावावं लागतं.

मग भजन बिघडलं कसं? बहुतेक वेळा असं. रीपरमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला की टेम्पो 120 असतो, म्हणजे मिनिटाला 120 मात्रा. आपली माणसं त्याच्याकडे पाहतही नाहीत, क्लिक (लय धरून देणारी टिकटिक) बंद करून सरळ रेकॉर्ड करतात. सहा मिनिटांचं भजन होतं. मग कोणीतरी म्हणतं की रेषा तालाशी जुळत नाहीत, तेव्हा वरच्या चौकटीत 120 खोडून 88 लिहिलं जातं. प्रोजेक्टचा टाइमबेस मुळात ‘बीट्स’वर असतो, म्हणजे प्रत्येक आयटमची जागा, लांबी आणि वेग हे तिन्ही टेम्पोला बांधलेले असतात. टेम्पो उतरला की आवाजही ताणला जातो. सहा मिनिटांचं भजन आठ मिनिटं अकरा सेकंदांचं होतं. पट्टी राखण्याची सोय आपोआप चालू असल्याने सूर तसाच राहतो आणि म्हणून घोळ लगेच लक्षात येत नाही. खंजिरीच्या घुंगरांचा आवाज मात्र चिखलात पाय रुतल्यासारखा येऊ लागतो. दोष जातो स्नॅपच्या नावावर, कारण त्याच वेळी तो चालू होता.

उपाय: टेम्पोला हात लावण्याआधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन आयटमचा टाइमबेस ‘टाइम’ करा, मग आकडा बदला. रेषा सरकतील, आवाज जागचा हलणार नाही. उशीर झाला असेल तर आधी टेम्पो पुन्हा 120 करा, भजन मूळ लांबीवर येईल, मग टाइमबेस बदला. एबलटन हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये लांब सॅम्पल (आवाजाची फाइल) आपोआप वार्प करण्याचा, म्हणजे ताणण्याचा, पर्याय बंद करून ठेवावा. तिथे बाहेरून आणलेली अख्खी फाइल प्रोजेक्टच्या टेम्पोला जुळवण्याचा उद्योग सॉफ्टवेअर खरोखरच आपणहून करतं. संदेशातल्या या मुद्द्याचं मूळ कदाचित तिथे असावं.

‘आपल्या तालांना ग्रिड चालत नाही’

ग्रिड चार-चारचाच असतो ही समजूत केवळ कोणी तो बदलून पाहत नाही म्हणून टिकली आहे. दादऱ्याला सहा, रूपकला सात, झपतालाला दहा, दीपचंदीला चौदा मात्रा लिहा. प्रत्येक खांबाची (इंग्रजीत बार) पहिली रेषा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, होते. भजनी ठेका आणि केरवा आठाचेच, तिथे चार-चारचे दोन खांब म्हणजे एक आवर्तन. सॉफ्टवेअरला समेची जागा माहीत नसते, ती तुम्हीच सांगायची. रेकॉर्डिंग सुरू करताना बुवांनी आधी चार सेकंद घसा साफ केला असेल तर पहिली सम चौथ्या सेकंदानंतर कुठेतरी आहे, आणि ग्रिड बिचारा शून्यापासून मोजतो आहे. आयटम ओढून पहिली सम एखाद्या खांबाच्या सुरुवातीला आणून ठेवली, तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

या मुद्द्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती संदेश लिहिणाऱ्याने नीट मांडली असती तर बरं झालं असतं. आपलं भजन एका लयीत राहत नाही. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून खंजिरी भजनाला जी चाल लावून दिली, ती आजही मंडळं गातात, आणि त्यात लय चढत जाणं हाच तर सगळा रंग असतो. सुरुवातीला 90 च्या लयीत एक मात्रा 667 मिलिसेकंदांची असते. तीच लय 96 वर गेली की 625. फरक 42 मिलिसेकंदांचा, ऐकताना जाणवणारही नाही. पण तो प्रत्येक मात्रेला साचतो. 16 मात्रांत अख्खी एक मात्रा सरकते! म्हणजे दोन आवर्तनांनंतर ग्रिडची सम आणि तुमची सम यांचा काही संबंध उरत नाही. अशा ग्रिडला चिकटवून धृपद कापलं तर ते तुटणारच.

यावर उतारा स्नॅप बंद करणं नव्हे. ग्रिडलाच गाण्यामागे चालायला लावायचं. रीपरमध्ये टाइमबेस ‘टाइम’ ठेवून एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचा भाग निवडा आणि निवडलेल्या वेळेतून खांब तयार करण्याची आज्ञा द्या. मात्रा किती ते सांगितलं की त्या तुकड्याचा टेम्पो सॉफ्टवेअर काढतं. प्रत्येक आवर्तनाला हे करत बसायची गरज नाही. लय जिथे कानाला चढलेली कळते तिथे करा, मध्ये चार आवर्तनं सोडली तरी चालतं. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण एकदा झालं की तिसऱ्या कडव्यानंतरचं चांगलं धृपद उचलून पहिल्याच्या जागी ठेवताना अंदाजाने ओढावं लागत नाही. फक्त जवळपासच्या लयीचं धृपद उचला. 90 च्या जागी 110 चं ठेवलं तर ते ग्रिडवर बसूनही खटकेल.

एवढा वेळ नसेल तर रीपरमध्ये भजन वाजू द्या आणि प्रत्येक समेवर ‘एम’ दाबत जा. मार्कर, म्हणजे खुणा, पडतात. हाताने दाबलेले मार्कर थोडे मागेपुढे होतील, ते नंतर थापेवर सरकवून घ्या. स्नॅपच्या सेटिंगमध्ये (ऑल्ट आणि एल) ग्रिडसोबतच मार्कर, कर्सर आणि शेजारचे आयटम यांना चिकटण्याचीही सोय आहे. ग्रिडला विसरून मार्करला चिकटा. ऑडॅसिटीत 2023 सालच्या 3.4 आवृत्तीपासून मात्रा-खांबांची पट्टी आली आहे. तिच्याआधीची आवृत्ती असेल तर तिथे सेकंदांवरच काम करावं लागतं.

‘कट भलत्या जागी पडतो, सॉफ्टवेअर पुन्हा टाका’

पुन्हा टाकल्याने बहुधा काहीच होत नाही, कारण सेटिंगची फाइल वेगळ्या ठिकाणी असते आणि ती तशीच राहते. प्रोजेक्टचा टेम्पो तर प्रोजेक्टच्या फाइलमध्येच असतो. अर्धा दिवस जातो, मोबाइलचा डेटा जातो, आणि तीच तक्रार पुन्हा: ‘भाऊ, हे काऊन सरकून रायलं?’

काऊन, ते दिसतं स्क्रीनवरच. आयटम जवळून पाहा, म्हणजे एक ठोका अख्ख्या स्क्रीनभर होईल एवढा झूम करा. आयटमची डावी कड रेषेला अगदी चिकटलेली दिसेल. पण कडेच्या आत आधी सपाट रेघ आहे, मग गायकाचा श्वास, आणि खंजिरीची थाप त्यानंतर 80 मिलिसेकंदांनी. स्नॅपने त्याचं काम चोख केलं, त्याने कड रेषेवर बसवली. तुम्हाला हवी होती थाप रेषेवर. यासाठी दोन वाटा आहेत. रीपरमध्ये टॅब दाबून कर्सर पुढच्या ठोक्यावर न्या, तिथे ‘एस’ने कट करा आणि आधीचा भाग काढून टाका. पण श्वास जाईल, आणि गाण्यातला श्वास कापला की ते मेलेलं वाटतं. दुसरी वाट चांगली: आयटमचा स्नॅप ऑफसेट, म्हणजे रेषेला चिकटणारी जागा, थापेवर ठेवा. मग ओढताना कडेऐवजी थाप रेषेला चिकटते आणि श्वास रेषेच्या अलीकडे सुखरूप राहतो.

तरीही चुकत असेल तर रिलेटिव्ह स्नॅप चालू आहे का बघा. तो असला की रेषेपासून 30 मिलिसेकंद मागे असलेला आयटम कुठेही नेला तरी 30 मागेच राहतो. हे कधी हवंही असतं, पण माहीत नसेल तर डोकं फिरतं. दिसणारा ग्रिड आणि चिकटणारा ग्रिड वेगवेगळे ठेवता येतात, तेही तपासा: डोळ्याला मात्रेची रेष दिसते आणि माउस पाव मात्रेवर थांबतो. कधी चिकटतं, कधी नाही, अशी तक्रार असेल तर ‘कितीही अंतरावरून’ हा पर्याय बंद असतो आणि आयटम रेषेच्या अगदी जवळ आल्यावरच ओढला जातो. एक तुकडा काढला आणि पुढचं सगळं गाणं पुढे धावून आलं, तर तो रिपल एडिट. ऑल्ट आणि पी चुकून दाबलं गेलेलं असतं.

‘जोडावरचा टक् स्नॅपमुळे’

लहर शून्यापासून दूर असताना कापली की आवाज एका झटक्यात उडी मारतो. ती उडी म्हणजे टक्. स्नॅप बंद करून हाताने कापलं तरी तेच होईल. जोडावर 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज उतरताना दुसरा चढू द्या, विषय संपला. ऑडॅसिटीत ‘झेड’ दाबून निवड शून्याच्या जागी नेता येते, पण स्टीरिओ असेल तर दोन्ही बाजू एकाच क्षणी शून्यावर असतीलच असं नाही. फेड जास्त भरवशाचा.

‘ट्रॅक मागे पडतो, रॅम वाढवा’

रॅमचा इथे काही संबंध नाही. लॅपटॉप दमला तर आवाज तुटेल, अडखळेल. अख्खा ट्रॅक नेमाने मागे राहणार नाही. आधी एक गोष्ट पाहा: फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच आहे की वाढत जातो?

तेवढाच असेल तर उशीर कुठेतरी एकदाच झाला आहे. गायकाच्या कानात ब्लूटूथ हेडफोन असेल तर तो ट्रॅक 100 ते 200 मिलिसेकंद उशिरा ऐकतो आणि प्रामाणिकपणे तेवढाच उशिरा गातो. तारेचा हेडफोन द्या. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि सॉफ्टवेअर जोडणारा प्रोग्राम) न टाकता जे मिळेल त्याने चालवलं तर सॉफ्टवेअरला उशिराचा चुकीचा आकडा मिळतो, आणि तेवढं मागे घेऊन ठेवण्याचं त्याचं गणित चुकतं. सभामंडपात सात मीटरवर टांगलेला माइक जवळच्या माइकपेक्षा 20 मिलिसेकंद मागेच असणार, कारण आवाज सेकंदाला साधारण 343 मीटरच जातो. आणि नाटकवाले एमपीथ्रीमध्ये पाठवतात तो ट्रॅक! लेम एन्कोडरने (एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रामने) केलेल्या फाइलच्या सुरुवातीला एन्कोडर आणि वाजवणारा डिकोडर मिळून 1105 सॅम्पलची रिकामी जागा येऊ शकते, म्हणजे सेकंदाला 44100 सॅम्पलच्या दराने 25 मिलिसेकंद. कड रेषेवर, ठोका मागे. कंपनीला वेव्ह फाइल मागा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

फरक वाढत जात असेल तर दोन यंत्रांची घड्याळं वेगळी आहेत. मोबाइलवर एक आणि रेकॉर्डरवर एक असं रात्रभराचं भजन घेतलं, आणि दोन्हींच्या वेगात दहा लाखांत 50 भागांचा फरक असला, तर तासाला 180 मिलिसेकंद सरकतात. सुरुवातीला कितीही नीट स्नॅप करा, पहाटेच्या आरतीला खंजिरी दोनदा वाजणार. लांब रेकॉर्डिंगचे भजनागणिक तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा नव्याने जुळवा. फरक भराभर वाढत असेल आणि पट्टीही उतरली असेल तर सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) पाहा. 48000 ची फाइल 44100 म्हणून वाजली की काळी एकमधलं गाणं पांढरी एकच्याही खाली जातं. संवादिनीवाला ते पहिल्या ओळीतच सांगेल.

‘मोठे स्टुडिओ स्नॅप वापरत नाहीत’

मोठ्या स्टुडिओंतलं सॉफ्टवेअर प्रो टूल्स उघडून पाहा. शफल, स्लिप, स्पॉट आणि ग्रिड या चार पद्धती वरच्या कोपऱ्यातच मांडलेल्या आहेत आणि एफ 1 ते एफ 4 या बटणांवर बदलता येतात. कोणी वापरत नसतं तर त्या तिथे बसल्या नसत्या. काम जाणणारा माणूस दिवसभर ग्रिडमधून (रेषेला चिकटणारी पद्धत) स्लिपमध्ये (मोकळी पद्धत) आणि स्लिपमधून ग्रिडमध्ये जात-येत असतो. ‘कायमचा’ हा शब्द तेवढा संदेशातून काढला तर सल्ला निम्मा बरा होईल. ठेका सुरू होण्याआधीचा आलाप, नाटकातलं बिनतालाचं पद, दोन कडव्यांमधलं बुवांचं बोलणं यांना स्नॅप नकोच. पण त्यासाठीही तो बंद करून पुन्हा चालू करायला विसरण्यापेक्षा, रीपरमध्ये ओढताना शिफ्ट दाबून धरा, एफएल स्टुडिओत ऑल्ट. बोट उचललं की स्नॅप जागेवर. क्युबेसमध्ये ‘जे’ एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू. रीपरमध्ये पूर्ण बंद-चालू करायचं असेल तर ऑल्ट आणि एस.