गोळी बंद करून टोमॅटो? कृपा करून नको

"जपानने बीपीवरचा टोमॅटो काढला, आता गोळ्या विसरा." हा मेसेज आज पुन्हा फिरतोय. त्याखाली एका काकांनी लिहिलंय, "ॲम्लोडिपिन (बीपीची गोळी) सोडून चार दिवस झाले, टोमॅटो सुरू आहे, बीपी 128!" आणि त्यावर पन्नास अंगठे. संताप आला.

अहो, ॲम्लोडिपिन रक्तात निम्मं व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. चौथ्या दिवशीचे ते 128 आधीच्या गोळ्यांमुळे आहेत. बीपी पुढे हळूहळू चढत जाईल, आणि तोवर काकांनी मोजणंच सोडलेलं असेल.

टोमॅटो खोटा नाही. त्सुकुबा विद्यापीठातल्या हिरोशी एझुरा यांच्या संशोधनातून आलेला 'सिसिलियन रूज हाय गाबा' 2021 पासून जपानमध्ये विकला जातोय. टोमॅटोत ग्लुटामेट या अमिनो आम्लापासून गाबा, म्हणजे बीपी थोडं उतरवू शकणारं द्रव्य, बनवणारं एक एन्झाइम असतं आणि त्याच्या टोकाचा भाग त्याला ब्रेक लावून ठेवतो. क्रिस्पर या जनुकात काटछाट करण्याच्या तंत्राने तो भाग काढला, म्हणून गाबा साधारण चार-पाच पट. बाहेरचं जनुक त्यात उरलेलं नाही, तेव्हा 'राक्षसी पीक' म्हणून ओरडणाऱ्यांनीही जरा वाचावं. गाबा त्याहून फार वाढवायला गेलं तर झाडाची वाढ आणि फळधारणा बिघडू शकते.

पण गोळीत 5 मिलीग्रॅम लिहिलंय तर रोज 5च मिळतात. फळाचं तसं नाही. गाबा हिरव्या फळात जास्त असतं, पिकताना उतरतं. ते पाण्यात विरघळतं, उकळून पाणी फेकलं की बरंचसं त्याबरोबर गेलं. आणि वर मीठ भुरभुरलं तर काय उरलं?

बीपीवरच्या तांदळाची गोष्ट जास्त काळजीची. चीनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये एसीई (बीपी वाढवणारं शरीरातलं एन्झाइम) रोखणारी पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, तांदळातच तयार करवली, उच्च रक्तदाबाच्या उंदरांत दाब उतरला. काम सुंदर आहे. पण एसीई रोखणारी औषधं गरोदरपणात चालत नाहीत. घरभराचा भात एकाच भांड्यात शिजतो, तो कोणी किती खाल्ला ते कोण मोजणार?

बरं, बीपी नुकतंच किंचित वाढलेल्या माणसाला अशा आहाराचा थोडा हातभार लागेलही. काका त्या गटात नाहीत, गोळी सुरू झालेली आहे.

काका, रागावून बोललो, पण काळजीपोटी. आजच डॉक्टरांना फोन करा आणि गोळी सोडल्याचं स्पष्ट सांगा. बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडिन ही बीपीची औषधं घेणाऱ्यांनी तर अचानक थांबूच नये, दाब किंवा ठोके उसळतात. मोजताना आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर. एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, वहीत लिहून. आकडा 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूचा अशक्तपणा असेल, तर तेव्हा पुन्हा मोजत बसू नका, थेट रुग्णालयात जा.