ॲपलेट विस्कटतं, दोष मात्र ब्राउझरच्या माथी

चवथीची सुट्टी संपून कॉलेजं सुरू झाली, तसा गोव्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या ग्रुपांमधून एक मेसेज फिरू लागला. पणजीहून निघालेला फोंड्यात आला, तिथून काणकोणला पोचला. मजकूर साधारण असा: "जुनी जावा ॲपलेटं एका ब्राउझरात नीट दिसतात, दुसऱ्यात विस्कटतात. दोष ब्राउझरचा. बटणं-चौकटींना पिक्सेलमध्ये जागा ठोकून द्या, लॅबमध्ये एकच ब्राउझर सक्तीचा करा, सिक्युरिटी खाली आणा. नाहीतर सोडून द्या, ॲपलेट संपलं." ॲपलेट म्हणजे वेबपानाच्या आत चालणारा, जावा भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. प्रयोगशाळेतली लंबकाची, लेन्सची, विद्युतमंडलाची ॲपलेटं अजून ज्यांच्या कामाची आहेत त्यांचं या सल्ल्याने नुकसान होईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"दोष ब्राउझरचा." ब्राउझर ॲपलेटला देतो ती फक्त एक आयताकृती जागा. पानाच्या कोडमध्ये विड्थ आणि हाइट लिहिलेली असते, तेवढी. त्या चौकटीच्या आतलं बटण, अक्षर, रेघ हे सगळं जावा काढतो. मग दोन ब्राउझरांत चित्र वेगळं का दिसायचं? कारण एकाच संगणकावर दोन जावा नांदत होते. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, होतं आणि ते जावा १.१ च्या पुढे सरकलंच नाही. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने मायक्रोसॉफ्टला १९९७ मध्ये कोर्टात खेचलं, २००१ मध्ये तडजोड झाली. १९९८ अखेर आलेल्या जावा १.२ मध्ये स्विंग, म्हणजे बटणं-चौकटींचा नवा संच, अंगभूत आला, तो त्या मशीनमध्ये नव्हताच. शेजारच्या नेटस्केप ब्राउझरात आणखी वेगळी आवृत्ती. त्यात एडब्ल्यूटीचं, म्हणजे जावाच्या जुन्या संचातलं, बटण म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचंच बटण, त्यामुळे विंडोज आणि लिनक्सवर त्याचं माप जुळत नाही.

तेव्हा कुणाला दोष देण्याआधी ॲपलेट सुरू होताना चालणाऱ्या init() मध्ये java.vendor (जावा कुणाचा), java.version (कोणती आवृत्ती) आणि getSize() (मिळालेलं माप) कन्सोलवर छापून बघा. पहिली दोन वेगळी निघाली, तर भांडण जावाशी. ती सारखी पण माप वेगळं निघालं, तर पानाच्या टॅगमध्ये घोळ आहे.

"पिक्सेलमध्ये जागा ठोकून द्या." या मेसेजातला सर्वात घातक सल्ला हाच, कारण विस्कटण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. setLayout(null) करून, म्हणजे आपोआप होणारी मांडणी बंद करून, "निरीक्षण नोंदवा" या बटणाला setBounds(20, 180, 90, 24) दिलं असं धरा. ज्या मशीनवर लिहिलं तिथे छान बसेल. दुसरीकडे फॉन्ट जरा रुंद निघाला की "नोंदवा"तला शेवटचा वा गेला, आणि २४ पिक्सेलच्या उंचीत वरची वेलांटी कापली गेली. देवनागरीला रोमनपेक्षा वर आणि खाली दोन्हीकडे जास्त जागा लागते, हे इंग्रजी लेबलांवर तपासणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

उपाय उलटा आहे: माप ठरवायचं काम लेआउट मॅनेजरला, म्हणजे जावातल्या मांडणी करणाऱ्या कोडला, द्या. आकृती बॉर्डरलेआउटच्या मध्यभागी ठेवा, बटणांची पट्टी खाली. आकड्यांच्या चौकटींना ग्रिडबॅगलेआउट, पण weightx (उरलेल्या रुंदीतला वाटा) आणि fill (घटकाने जागा भरायची का) स्वतः भरा. मुळात weightx शून्य आणि fill 'काही नाही' असं असतं, म्हणून सगळे घटक मधोमध गोळा होतात आणि लोक म्हणतात ब्राउझरने चेपलं. कॅनव्हासवर स्वतः अक्षरं काढत असाल तर फॉन्टमेट्रिक्सकडून रुंदी आणि उंची विचारून घ्या. फॉन्टचं नाव "सॅन्ससेरिफ" किंवा "डायलॉग" असं तार्किक ठेवा, म्हणजे प्रत्येक मशीन आपल्याकडचा फॉन्ट लावतं. चालू ॲपलेटमध्ये नवा घटक घातलात तर मांडणी पुन्हा करायला validate() बोलवा, स्विंग असेल तर revalidate(). ते राहिलं की घटक चौकटीचं माप बदलेपर्यंत दिसतच नाही. आणि चित्र लुकलुकत असेल तर तेही जावाचंच: एडब्ल्यूटीचं update() दरवेळी पार्श्वभूमी पुसतं. ते ओव्हरराइड करून आधी पडद्यामागे चित्र तयार करा, मग एकदम उमटवा.

"एकच ब्राउझर सक्तीचा करा." कोणता करणार? क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये, ४५ व्या आवृत्तीत, जुन्या प्लगइनचा, म्हणजे जावा चालवणाऱ्या जोड-पुरवणीचा, आधार काढला. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. जावा ११ मध्ये, म्हणजे २०१८ साली, प्लगइनच उरलं नाही. १५ जून २०२२ रोजी विंडोज १० वरच्या इंटरनेट एक्स्प्लोररचा आधारही संपला. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधल्या, इंटरनेट एक्स्प्लोररसारख्या चालणाऱ्या आयई मोडमध्ये जावा ८ चं प्लगइन घालून काम भागतं, पण ती तात्पुरती सोय.

"सिक्युरिटी खाली आणा." जावाची सुरक्षा-पातळी कमी करण्याचा दिसण्याशी काडीचा संबंध नाही. जावाने अडवलेलं ॲपलेट विस्कटत नाही, ते चालतच नाही. जानेवारी २०१३ मध्ये जावात इतकं गंभीर भगदाड सापडलं की अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ब्राउझरमधला जावा बंद करायला सांगितलं. मुलं पेनड्राइव्ह लावतात त्या मशीनवर हे दार सताड उघडं ठेवू नका. जानेवारी २०१४ पासून जावाच्या कंट्रोल पॅनलमध्ये अपवादांची यादी आहे. आपल्या लॅबचा तेवढा एक पत्ता तिच्यात घाला.

"सोडून द्या, संपलं." प्लगइन संपलं हे खरं. त्यातलं भौतिकशास्त्र संपलेलं नाही. जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर एके काळी ॲपलेट म्हणून चालायचं, आज प्लगइन न लागणाऱ्या एचटीएमएल५ वर आहे. फेट या विज्ञान-प्रयोगांच्या संकेतस्थळानेही आपले बरेच प्रयोग तसेच नव्याने लिहून काढले. आपल्याकडे सोर्स (मूळ कोड) असेल तर जेॲपलेटच्या जागी जेपॅनल घ्या, ते जेफ्रेममध्ये, म्हणजे स्वतंत्र खिडकीत, बसवा, getParameter() ने पानातून येणारी मूल्यं कोडमध्येच द्या, चित्रं getResource() ने उचला. ब्राउझरशिवाय डेस्कटॉपवर चालेल, आणि लेआउट मॅनेजर नीट लावलेला असेल तर खिडकी कितीही ताणा, मांडणी टिकेल. सोर्स हरवून नुसती तयार जार फाइल उरली असेल तर चीर्पजे हे साधन ती आजच्या ब्राउझरात चालवू शकतं. म्हणून लॅबची जुनी मशीनं फॉर्मॅट करण्याआधी .java आणि .jar फाइली वेगळ्या काढून ठेवा, आणि ज्या सरांनी त्या लिहिल्या ते निवृत्त होण्याआधी त्यांच्याकडची प्रतही मागून घ्या.