‘मधली सुट्टी असतेच की!’

‘शिक्षकांना आता विश्रांती आणि तयारीसाठी कायद्याने वेळ हवाय म्हणे! चार तास शिकवायचं, मधली सुट्टी आयती, तेच पुस्तक वर्षानुवर्षे, लाखाचा पगार. जगात कुठे असतात असले लाड?’ हा फॉरवर्ड मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली हसऱ्या तोंडांची रांग. त्याच ग्रुपवर जिल्हा परिषद शाळेत शिकवणारी माझी वहिनी आहे. ती गप्प बसली, मला नाही जमत.

मधल्या सुट्टीची थाप सगळ्यात मोठी, म्हणून आधी ती. वहिनीची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. सुट्टी झाली की खिचडी मुलांआधी स्वतः चाखायची (तसा नियमच आहे), पंगत बसवायची, पहिलीतल्या पोरांच्या ताटल्या सावरायच्या, किती जेवली त्याची नोंद करायची, तांदळाचा हिशेब जुळवायचा. स्वतःचा डबा उघडेपर्यंत घंटा होते. जोडीदार गुरुजी केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीला गेले की चारही वर्ग हिच्याकडे. अशा दिवशी लघवीला जायचं तरी पोरं कुणावर सोडून? 1948 च्या कारखाना कायद्यातसुद्धा सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. कामगाराला ती हक्काने मिळाली, मग बाईंनी मागितली की लाड कसे?

‘चार तास’ हा आकडा हवेतला नाही, हे मान्य. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन आहे. भागाकार केला की चार येतात. पण त्याच तक्त्यात पुढे शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास दिलेत, तयारीचे तास धरून. म्हणजे तयारी हे कामच आहे, हे संसदेने तेव्हाच मान्य केलंय. फक्त ते तास कधी आणि किती, हे लिहिलेलं नाही. म्हणून टाचण, म्हणजे उद्याच्या पाठाची लेखी तयारी, रात्री भांडी आवरल्यावर निघतं. मागणी एवढीच आहे की ते तास वेळापत्रकात दिसू द्या.

‘तेच पुस्तक’ म्हणणाऱ्यांनी एका खोलीत पहिलीला अक्षरं आणि तिसरीला गुणाकार एकाच वेळी शिकवून दाखवावं. मागच्या वर्षीचं टाचण उतरवून काढणारे महाभाग आहेत, ऑफ तासाला मोबाइल चाळणारेही आहेत. कामचुकार कुठल्या खात्यात नाहीत?

जगात कुठे? इंग्लंडमध्ये. तिथल्या सरकारी शाळांत 2005 पासून अध्यापनाच्या वेळेच्या किमान 10 टक्के वेळ तयारी आणि तपासणीसाठी राखीव असतो, आणि त्या वेळात शिक्षकाला गैरहजर सहकाऱ्याच्या तासाला पाठवता येत नाही.

पगाराचं म्हणाल, तर नव्याने लागलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं महिना 16,000 मानधन, तेही 2023 मध्ये वाढवल्यावर; आधी 6,000 होतं. मामा, हा मेसेज पुढे पाठवलात तर हा आकडाही सोबत पाठवा.