ताई, पट्टीचं तुमचं खरं आहे, बाटलीचं मात्र ऐका

ताई, नमस्कार. लातूरच्या आमच्या चष्म्याच्या दुकानाला तुम्ही ऑनलाइन अभिप्रायात एकच तारा दिलात. शनिवारी मावशींना घेऊन आला होतात, हे वाचल्याबरोबर ध्यानात आलं. डोळे तपासायच्या मशीनची हनुवटी टेकवायची पट्टी पुसली नाही, थेंबांची बाटली जुनी होती, कापसाचे बोळे चहाच्या कपांसोबत एकाच डब्यात होते, लेन्स घासणारा पोरगा उघड्या डोळ्यांनी बसला होता आणि अंधाऱ्या खोलीत मावशींचा पाय वायरीत अडकला, असं तुम्ही लिहिलंय. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी पोरांना विचारलं आणि कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं.

पट्टी पुसली नव्हती. शनिवारी डॉक्टर येतात, त्यात ट्यूशनची पोरं सुट्टी साधून नंबर काढायला येतात, बाकडी भरून जातात. आधीच्या दोन पेशंटना बसवण्यापूर्वी कोरडा टिश्यू फिरवलेला दिसतो आणि मावशींच्या आधी तोही नाही. डोळ्याचा दाब मोजायचं जे टोक थेट बुबुळाला टेकतं, ते आम्ही दर पेशंटनंतर पातळ केलेल्या ब्लीचमध्ये पाच मिनिटं ठेवतो आणि नीट धुऊन घेतो, कारण ब्लीच राहिलं तर डोळा भाजतो. तिथं आमची कधी चूक होत नाही. पण जिथं माणूस गाल, कपाळ, हनुवटी टेकवतो, डोळे पुसलेल्या हातांनी धरतो, ती जागा आम्ही फर्निचरसारखी धरली. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे आले होते, तेव्हा हेच आम्ही लोकांना समजावत होतो. अशा साथीत बहुतेक वेळा अ‍ॅडेनो जातीचा विषाणू असतो. तो कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकतो आणि हातावरच्या सॅनिटायझरला सहज दाद देत नाही. साबण-पाणीच लागतं. आणि त्या दिवशी बेसिनचा नळ कोरडा होता, हेही तुम्ही हेरलंत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं या गावानं पाहिलंय, पण टँकर उशिरा आला हे कारण मी पुढं करणार नाही. तोटीची टाकी पाचशे रुपयांच्या आत मिळते. आता बेसिनशेजारी ती भरून ठेवलीय. पट्टीवर कागद बसवलाय, तो प्रत्येकाच्या डोळ्यांदेखत बदलायचा. मशीनचे दांडे आणि कपाळपट्टी जंतुनाशकानं पुसायची, नुसत्या टिश्यूनं नाही.

बाटलीबाबत मात्र तुमचा गैरसमज झालाय. तिच्यावर पेनानं लिहिलेली तारीख संपण्याची नव्हती, बाटली उघडल्याची होती. बाहुली मोठी करायच्या थेंबांची बाटली एकदा उघडली की महिन्याच्या आत टाकून द्यायची, छापील मुदत बाकी असली तरी, म्हणून तसं लिहितो. खरं तर तारीख न लिहिलेली बाटली दिसली असती तर तुम्ही ओरडायला हवं होतं. यापुढं तारखेआधी ‘उघडली’ एवढा शब्द लिहू.

बोळ्यांचं काय सांगू. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे डोळ्याचं पाणी, पू लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो, सुया पांढऱ्या डब्यात, आणि पिवळ्या पिशवीतलं ४८ तासांच्या आत हा कचरा नेणाऱ्या गाडीकडे द्यावं लागतं. पिवळी पिशवी आमच्याकडे होती, आतल्या खोलीत, टेबलापासून सहा पावलं लांब. गर्दीत ती सहा पावलं कोणी चालत नाही. आता ती खुर्चीशेजारी, पायानं उघडायच्या डब्यात आहे. चहा तपासणीच्या खोलीत बंद केलाय, त्यावर पोरं माझ्यावर रुसली आहेत.

‘डोळ्यांच्या दुकानात कारागिराच्याच डोळ्याला काही नाही’ हा टोमणा लागला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तो म्हणतो, नंबरचा चष्मा आहे की. पण नंबरच्या चष्म्याला बाजू नसतात, आणि हातमशीनवर लेन्सची कड घासताना प्लॅस्टिकचे कण बाजूनंच उडतात. बंद बाजूंचा गॉगल आणि मास्क आणून दिलाय. त्या घासायच्या मशीनचा पांढरा गाळ तो मागच्या नालीत ओतायचा, हे तुम्ही लिहिलं नाहीत, मीच सांगतो. आता तो फडक्यातून गाळून, वाळवून कचऱ्यात जातो.

वायर. याची माफी मी लेखी मागतो. थेंब टाकल्यावर माणसाला जवळचं धूसर दिसतं, त्यात दिवे मालवलेले, आणि एक्स्टेंशनची वायर वाटेत पडलेली. मावशी पडल्या नाहीत हे आमचं नशीब, काळजी नव्हे. वायर भिंतीवरच्या पट्टीत घातली, उंबऱ्याला पिवळी चिकटपट्टी लावली, आणि थेंब टाकलेल्या पेशंटला हात धरून बाहेर आणायचं ठरवलंय.

एक राहिलं. तपासणीनंतर दोन आठवड्यांत मावशींचे डोळे लाल झाले, सकाळी पापण्या चिकटायला लागल्या, तर त्यांचा टॉवेल वेगळा ठेवा आणि पावतीवरच्या नंबरवर लगेच कळवा. डॉक्टरांना दाखवायचे पैसे आम्ही घेणार नाही. चष्मा गुरुवारी तयार होतोय, तुम्ही येऊ नका, पोरगा घरी आणून देईल आणि नाकावर बसतोय का तेही बघून जाईल.